डोळ्याचा कानोसा

दिगंबर राऊळ तपासणीच्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या खाकी शर्टाला घाटातल्या धुक्याचा ओलसर वास येत होता. सावंतवाडीहून सकाळची बस घेऊन ते कोल्हापूरला आले होते. परतीच्या फेरीला अवकाश होता आणि लेकीनं बोलावलं होतं, म्हणून स्टँडवरून थेट नेत्र रुग्णालयात आले.

"तो भिंतीवरचो तक्तो खय?" त्यांनी विचारलं. "सगळ्यात खालची ओळ वाचून दाखवतंय."

"वाचायचं काही नाही, बाबा. डोळे मिटून बसायचं."

"ह्या बरा आसा. डोळे मिटून डोळे तपासतत."

सानिका हसली. कॉलेजपासून कोल्हापुरात राहून तिच्या तोंडची मालवणी पुसट झाली होती, पण बाबांच्या तोंडून ती ऐकली की तिला घरी आल्यासारखं वाटायचं. रुग्णालयात जे नवं यंत्र तयार होत होतं त्यावर काम करणाऱ्या इंजिनियरांपैकी ती एक. आजारी डोळे भरपूर तपासून झाले होते. आता तुलनेसाठी निरोगी डोळे हवे होते, आणि निरोगी डोळे म्हटल्यावर तिला पहिल्यांदा वडीलच आठवले. छप्पन्न वर्षांचा माणूस, चष्मा नाही, आंबोलीच्या घाटात बस चालवून आयुष्य गेलेलं.

तिनं त्यांच्या पापण्यांवर थंड जेल लावलं आणि यंत्राचा बोटभर लांबीचा शोधक उजव्या पापणीवर टेकवला. पडद्यावर करड्या रंगात डोळ्याचा गोल उमटला. सगळं जिथल्या तिथे होतं. मग डावा डोळा.

डाव्या डोळ्यात, मागच्या भिंतीशी, नेत्रपटलाच्या खाली एक काळसर रेघ होती. मसुरीची डाळ कडेनं पाहावी तशी, मध्ये किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती.

सानिकानं शोधक उचलून पुन्हा टेकवला. कोन बदलला. रेघ जागची हलली नाही.

"झाला?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"कसो आसा डोळो?"

"हे यंत्र अजून शिकतंय, बाबा. ते लगेच काही सांगत नाही."

ते खरंच होतं, तरीही बोलताना तिनं यंत्राचा पडदा बाबांपासून दूर वळवला. बाबांनी पापण्या पुसल्या, टोपी घातली, आईसाठी घेतलेली चिक्कीची पिशवी उचलली आणि बस घेऊन ते घाटाकडे निघून गेले.

*

आवाजानं शरीराच्या आत पाहायचं तंत्र जुनंच. पोटातलं बाळ ज्या सोनोग्राफीनं दिसतं तिचीच धाकटी बहीण डोळ्यांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं काम करत आलेली आहे. मिटल्या पापणीवरून आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा, आणि आतले थर त्याचा जो प्रतिध्वनी परत पाठवतात त्यावरून चित्र काढायचं. पडदा सुटलाय का, आत गाठ आहे का, एवढं त्यात कळे.

अडचण बारकाव्याची होती. आवाज जितका बारीक, म्हणजे उंच पट्टीतला, तितकं चित्र स्पष्ट. पण बारीक आवाज लवकर दमतो, डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. सानिकाच्या गटानं यावर एक युक्ती काढली होती. माणसाचा डोळा कधीच स्वस्थ नसतो. झोपेतसुद्धा तो केसाच्या जाडीहून कमी अंतरात सतत थरथरत असतो. आजवर हा थरकाप चित्र बिघडवणारा म्हणून पुसून टाकला जाई. या यंत्रानं त्याचाच उपयोग करून घेतला. प्रत्येक थरथरीसरशी डोळा जरा वेगळ्या जागी येतो, म्हणजे प्रत्येक वेळी तोच थर जरा वेगळ्या ठिकाणाहून ऐकायला मिळतो. असे हजारो प्रतिध्वनी एकावर एक रचले की पेशींचे थवेसुद्धा ओळखू येतात. गटातल्या कुणीतरी यंत्राचं नाव 'कानोसा' ठेवलं, आणि तेच रूढ झालं.

कानोसा शोधत होता तो डोळ्यातला लिम्फोमा. पांढऱ्या पेशींचा हा कर्करोग क्वचितच होतो, पण तो भारी वेषांतर करतो. डोळ्याला साधी सूज आली असावी असंच डॉक्टरांना वाटत राहतं आणि औषधं देण्यात वर्ष निघून जातं. त्याच्या पेशी सगळ्या एकसारख्या आणि एकमेकींना खेटून असतात. मध्ये आवाज परतवणारं काही नसतं, म्हणून तो भाग प्रतिध्वनीत काळा दिसतो. खरी भीती डोळ्याची नसतेच. ज्यांच्या डोळ्यात हा रोग निघतो त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या मेंदूत तो पुढच्या काही वर्षांत पोचतो. कधीकधी त्याची पहिली खूण म्हणजे अचानक येणारं फेफरं.

बाबांची बस परतीच्या वाटेवर असेल, सानिका विचार करत होती. एव्हाना आजरा मागे पडला असेल. सपाटीवर या नव्या बस चालकाच्या हाताशिवाय आपल्या आपण चालत. पण आंबोलीच्या धुक्यात आणि वळणांत यंत्राचा भरवसा कुणी धरत नसे. तिथे कायद्यानंच चाक माणसाच्या हाती होतं.

*

"तू पाहिलंस ते मीही पाहिलं," डॉ. हुक्केरी म्हणाल्या. साठीच्या, बारीक चणीच्या डॉ. मंदाकिनी हुक्केरी या संशोधनाच्या प्रमुख होत्या. "पण तू ते पाहायला नको होतंस आणि मीही. निरोगी माणसांचे निकाल बंद राहतात, त्यांनाही सांगत नाहीत, सानिका. तुझ्या वडिलांनी तसं मान्य करूनच डोळा दिलाय."

"का बंद राहतात, ते मला माहीत आहे."

"मग पुन्हा ऐक. निरोगी म्हणून आलेल्या काही जणांत कानोशाला अशी रेघ दिसली आहे. त्यातल्या किती खऱ्या? आपल्याला ठाऊक नाही. खात्री करायची तर डोळ्यात सुई घालून पेशी काढाव्या लागतात. ज्याला लख्ख दिसतंय त्याच्या डोळ्यात सुई कोण घालणार? आणि एवढ्याशा रेघेत सुईला काही सापडेल का? ती जन्मखूण असेल. जुना व्रण असेल. आपण त्या माणसाला सांगायचं, तुम्हाला कदाचित कर्करोग आहे, कदाचित नाही, आणि उपाय काहीच नाही. मग तो जगेल कसा?"

"बाकीचे लोक चाळीस माणसं मागे बसवून घाट उतरत नाहीत, मॅडम."

डॉ. हुक्केरींनी टेबलावरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाल्या, "नीतिसमितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी विषय मांडते."

"पुढच्या महिन्यात," सानिका म्हणाली.

तिला एका जागी बसवेना. ती कँटीनमध्ये गेली, चहा घेतला, तसाच ठेवला. स्टँडवर जाऊन वेळापत्रक पाहून आली. दोन दिवस तिनं कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती बाबांच्याच बसमध्ये, त्यांच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

सबंध वाटभर ती त्यांच्या मानेकडे पाहत होती. मान कलली का? हात सैल पडला का? आंबोलीच्या पुढे धुकं दाटलं आणि चालकासमोरच्या पडद्यावर 'चालकाने ताबा घ्यावा' अशी अक्षरं उमटली. बाबांनी चाक हातात घेतलं. दुसऱ्या वळणावर त्यांनी एकाएकी ब्रेक दाबला. सानिकाच्या तोंडून किंकाळी निघाली. बस थांबली तेव्हा समोर दहा हातांवर एक गवा उभा होता, धुक्यातून अर्धाच बाहेर आलेला. त्यानं बसकडे पाहिलं आणि सावकाश दरीच्या बाजूला उतरून गेला.

"डायवर काका, नजर आहे हां," कुणीतरी म्हणालं.

बाबांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "तू कित्या किंचाळलंस? गवो कधी बघूक नाय?"

त्यांना काही झालं या भीतीनं ती ओरडली होती. गवा तिनं पाहिलाही नव्हता.

*

तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. सावंतवाडीच्या घरी बाबा पडवीत बसून बूट पुसत होते, आई मागीलदारी होती. सानिकानं मनाशी ठरवलेली सगळी वाक्यं विसरून सरळ सांगून टाकलं.

आधी ते हसले. मग त्यांनी बूट खाली ठेवला.

"मी तुका विचारलेलंय?" ते म्हणाले. "तू म्हटलंस मदत होई, म्हणून डोळो दिलो. आत काय दिसता ता सांग म्हणून विचारूक नाय."

"पण दिसलं, बाबा."

"कदाचित म्हणतंस मा? कदाचित आसा, कदाचित नाय. मग आज मी काय? कदाचित डायवर?"

"मेंदूत पोचलं असेल तर गाडी चालवताना फेफरं येऊ शकतं."

"माका आज सगळा दिसता," ते उठत म्हणाले. "आज मी चलवूक लायक आसंय. उद्याचा उद्या." आणि डबा न घेताच ते निघून गेले.

सानिका पायांत चपला अडकवून त्यांच्यामागे स्टँडवर पोचली तेव्हा बस भरली होती. खिडकीत एक बाई बाळाला टोपी घालत होती. कॉलेजची मुलं मागच्या सीटांवर गलका करत होती. ती चालकाच्या दाराशी पायरीवर चढून उभी राहिली. आवाज न चढवता तिनं विचारलं, "बाबा, आज या बसमध्ये आई बसली असती, तर चालवली असती तुम्ही?"

त्यांचे दोन्ही हात चाकावर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. मग ते मागे वळून त्याला म्हणाले, "माजी तब्येत बरी नाय. कंट्रोलराक सांग, दुसरो डायवर बघ."

ते दुसऱ्या बाजूच्या दारानं उतरले आणि तिच्याशी एक शब्द न बोलता घराकडे चालू लागले.

*

सानिकानं निकाल फोडला हे कळताच नीतिसमितीनं तिला संशोधनातून काढलं. जुनी यंत्रं दुरुस्त करण्याच्या विभागात तिची बदली झाली.

"मुलगी म्हणून तू बरोबर केलंस," डॉ. हुक्केरी तिला म्हणाल्या. "संशोधक म्हणून चूक केलीस. दोन्ही सांगतेय, कारण दोन्ही खरं आहे." आता सगळं उघडच झालं होतं, तेव्हा दिगंबर राऊळांच्या रीतसर तपासण्या करायला समितीनं परवानगी दिली. मेंदूचा एमआरआय झाला, स्वच्छ निघाला. डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. त्यांत काही नव्हतं. नजर पूर्वीइतकीच तीक्ष्ण. कानोसा सोडला तर कुठल्याही यंत्राला त्यांच्यात खोट सापडेना. एसटीच्या डॉक्टरांनीही तपासून 'कामास योग्य' असा शेरा दिला.

तेव्हा सानिकाला वाटलं, बाबा आता पुन्हा चाकावर बसतील. पण ते बसले नाहीत. रजा वाढवत राहिले.

ज्या माणसाला तीस वर्षं डोळ्यांचा विचार करावा लागला नव्हता, तो आता दिवसभर दुसरा विचार करेना. एक डोळा मिटून कॅलेंडर पाहायचं, मग दुसरा मिटून तेच कॅलेंडर. आभाळाकडे पाहताना ठिपके तरंगताना दिसत. ते सगळ्यांनाच दिसतात, हे सानिकानं फोनवर शंभरदा सांगितलं तरी त्यांचं समाधान होईना. जेवताना ताटातला घास थांबवून ते आईला विचारत, "दर्शना, ह्यो दिवो जरा मंद झालोहा?" ते अंगणात जात, परत येत, पुन्हा जात. शेजारचे विचारू लागले की राऊळ घाबरलेत कशाला एवढे. दुखणं काय, हे कुणाला सांगता येईना, कारण ते दुखणं आहे का हेच माहीत नव्हतं.

एकदा आईनं फोन केला. ती कधी आवाज चढवत नसे. "माणूस घरात आसा, पण घरात नाय," ती म्हणाली. "तुझ्या त्या यंत्रान रोग दाखवल्यान की लावल्यान, ता माका सांग."

सानिकाच्या समोरच्या टेबलावर जुनं यंत्र उघडं पडलं होतं, त्याच्या तारा तिच्या हातात होत्या. सांगितलं नसतं तर आज बाबा घाटात असते, हसत असते. आणि एखाद्या वळणावर… त्यापुढे तिला विचार करवत नव्हता आणि थांबवतही नव्हता.

दीड-दोन महिन्यांनी दुसरी तपासणी ठरली. रेघ तेवढीच राहिली तर ती बहुधा जन्मखूण. वाढली तर मग सुईचा विचार करायचा. सानिकाला आत जायला मनाई होती, म्हणून ती बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसून राहिली.

दार उघडून डॉ. हुक्केरी स्वतः बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही उलगडेना. "रेघ नाहीये," त्या म्हणाल्या. "तीनदा पाहिलं. डावा डोळा स्वच्छ आहे."

त्यांच्यामागून बाबा आले. डोळ्यांच्या कडांना जेल तसंच होतं. कित्येक आठवड्यांनी ते लेकीशी आपणहून बोलले. "बघलंस? तुझा यंत्र चुकला."

"चुकू दे, बाबा," सानिका म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

*

त्या रविवारी आईनं शिरवाळ्यांचा घाट घातला. साच्यातून तांदळाच्या शेवया गळत होत्या, नारळाच्या गोड रसाचा वास घरभर होता. बाबांनी दाढी घोटून केली होती. सोमवारपासून त्यांची ड्युटी लागली होती, पहिल्याच बसची. खाकी कपडे इस्त्री होऊन खुंटीला टांगलेले होते. ते साच्याचा दांडा फिरवत आईला कसल्यातरी गजाली सांगत होते आणि आई खूप दिवसांनी खळखळून हसत होती.

सानिका पाणी प्यायला फ्रिजपाशी गेली. फ्रिजवर एक श्वासाचा पंप आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती.

"आई, या गोळ्या कोणाच्या?"

"तेंच्याच. गेल्या महिन्यात दमो केवढो उठलेलो! छातीच्या डॉक्टरान दिलेत. तेनी बरा वाटला, म्हणून थोडे दिवस चालू ठेवूक सांगितल्यान."

सानिकानं पट्टी उलटी करून नाव वाचलं. ते स्टेरॉइड होतं. दम्याला योग्य तेच औषध, योग्य त्या मापात. छातीच्या डॉक्टरांना डोळ्याचं कुणी सांगितलं नव्हतं, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना दम्याचं.

ती फ्रिजला टेकून उभी राहिली. जन्मखूण स्टेरॉइडनं पुसली जात नाही. जुना व्रण तर नाहीच नाही. या औषधानं वितळतात त्या दोनच गोष्टी: साधी सूज, नाहीतर लिम्फोमाच्या पेशी. साधी सूज असती तर फोटोत, तपासणीत काहीतरी दिसलं असतं. लिम्फोमा मात्र या औषधापुढे असाच लपतो, आणि औषध थांबलं की परत येतो. म्हणूनच तो वर्षानुवर्षं डॉक्टरांना चकवत आला होता. कानोसा चुकला नव्हता. रेघ नाहीशी झाली हीच वाईट बातमी होती.

आईनं तिचा चेहरा पाहिला. हातातली ताटली तिनं हळूच खाली ठेवली. "नको," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आजचो दिवस रवांदे."

सानिका बाहेर येऊन बाबांच्या समोर बसली. मागच्या वेळी तिनं विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "मला एक गोष्ट कळली आहे. ती सांगू की नको, ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर मी बोलणार नाही."

साच्याचा दांडा थांबला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या कपड्यांकडे.

"नको म्हटलंय, तर उद्या बस चलवूक देतलंस?"

तिनं मान हलवली. "तेवढं नाही देता येणार."

"म्हणजे सांगितलंसच की." आईकडे पाहत ते खिन्नपणे हसले. "आधी जेवया. आवशीन एवढा केल्यान."

तिघांनी शिरवाळे खाल्ले. बाबांनी दोनदा रस मागून घेतला. हात धुऊन आले आणि म्हणाले, "आता सांग."

तिनं सांगितलं. त्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, "गोळी थांबवली की तो परत येतलो?"

"आला तर समजायचं की तोच आहे."

बाबांनी फोन उचलून आगारात लावला. "राऊळ बोलतंय," ते म्हणाले. "उद्याची बस माका नको. परवाची पण नको."

*

तो परत आला. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून बंद केल्यावर महिनाभरात काळी रेघ पुन्हा उमटली, आणि या वेळी डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातही बारीक कण तरंगू लागले. आता सुईला सापडण्याजोगं काहीतरी होतं. पेशी काढल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. लिम्फोमाच होता.

मेंदू अजून स्वच्छ होता. तीच सगळ्यात अवघड गोष्ट ठरली.

"हा रोग आम्हाला नेहमी घरात शिरल्यावर भेटत आलाय," डॉ. हुक्केरींनी बापलेकींना समोर बसवून सांगितलं. "उंबऱ्यावर उभा असताना कुणी पाहिलेला नाही. किती औषध द्यायचं, फक्त डोळ्यात द्यायचं की मेंदूसाठीही, याचा अनुभव जगात कुणालाच नाही. जास्त दिलं तर विनाकारण त्रास, कमी दिलं तर पश्चात्ताप. मला काय वाटतं ते मी सांगेन, पण ते वाटणंच असेल."

बाबांनी दोन्ही घ्यायचं ठरवलं. डाव्या डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली, शिरेतूनही औषध सुरू झालं. केस विरळ झाले, तोंडाला चव उरली नाही. डावी नजर धुरकट झाली. औषधानं की रोगानं, हे कुणी सांगू शकलं नाही. पण ते अंगणात येरझारा घालायचे थांबले. एक दिवस सलाइन चालू असताना त्यांनी डॉ. हुक्केरींना विचारलं, "माझ्यासारखी रेघ आणखी कोणाकोणाच्या डोळ्यात दिसली?"

"काही जणांच्या."

"तेंका ठावूक आसा?"

"नाही."

"तेंतलो कोण गाडी चलवता, कोणाच्या घरात लहान पोरा आसत, तुमका ठावूक आसा?"

"नाही," डॉ. हुक्केरी पुन्हा म्हणाल्या.

"मग तेंका निदान विचारा तरी. सांगू नकात. विचारा, सांगू काय म्हणून. माझ्या चेडवान पयल्या वेळेक माका विचारूक नाय, ता माका अजून सलता. पण दुसऱ्या वेळेक विचारल्यान, तेव्हा मी माझ्या पायानी इलंय."

पुढच्या बैठकीला डॉ. हुक्केरी त्यांना समितीपुढे घेऊन गेल्या. एका डोळ्यावर पट्टी लावून ते तिथे हेच बोलले, आणखी काही नाही. त्यानंतर नियम बदलला. डोळा देणाऱ्या प्रत्येकाला फोन करून विचारायचं ठरलं: निकाल काहीही असो, तुम्हाला तो जाणून घ्यायचा आहे का? निकाल स्वच्छ असलेल्यांनाही हाच प्रश्न, म्हणजे नुसत्या फोनवरून कुणाला काही ओळखता येऊ नये.

काहींनी हो म्हटलं. काहींनी फोन ठेवून दिला. एका शिक्षिकेनं सांगितलं, माझ्या मुलीची बारावी होऊ दे, मग विचारा.

आणि एका दुपारी दुरुस्ती विभागात सानिकाचा फोन वाजला. यंत्र घडत असताना गटातल्या प्रत्येकानं सर्वांत आधी स्वतःचेच डोळे दिले होते. इतरांचे डोळे पाहता पाहता ती हे विसरूनच गेली होती.

"सानिका राऊळ ना? तुमचा निकाल जाणून घ्यायचा आहे का?" पलीकडची मुलगी नवी होती, तिला ओळखत नव्हती.

"मी नंतर कळवते," सानिका म्हणाली.

तो आठवडाभर तिनं कळवलं नाही. हो म्हणायला काय हरकत होती? तिनं तर बापाला भरल्या बसमधून उतरवलं होतं. पण फोन हातात घेतला की ती तो परत ठेवून देई. रस्त्यानं चालताना तिनं नकळत डावा डोळा मिटला आणि पाट्या वाचल्या. मग उजवा. आपण काय करतोय हे लक्षात येताच ती भर रस्त्यात थांबली. बाबा त्या दोन महिन्यांत कुठे राहत होते, ते तिला आता कळलं.

बाबांच्या इंजेक्शनच्या दिवशी तिनं त्यांना सांगितलं.

"मी काय करू, बाबा?"

"माका विचारू नको," ते म्हणाले. पट्टी नसलेल्या डोळ्यानं ते तिच्याकडे टक लावून पाहत होते. "डोळो तुझो. पण जाशीत तर मी भायर बसतंय."

ती उठली आणि डॉ. हुक्केरींच्या खोलीत गेली. "सांगा," ती म्हणाली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

डॉ. हुक्केरींनी पडदा तिच्याकडे वळवला. अशी चित्रं वाचायची सवय असलेल्या तिच्या नजरेला शब्दांची गरज नव्हती, तरी त्या म्हणाल्या, "उजवा स्वच्छ. डावा स्वच्छ."

ती बाहेर आली तेव्हा बाबा बाकावर बसले नव्हते. बाकासमोर उभे होते, हाताच्या मुठी आवळून.

"काही नाही," ती म्हणाली. "दोन्ही स्वच्छ आहेत."

आपला रोग कळला तेव्हा न रडलेला, सुयांना न कण्हलेला तो माणूस मटकन खाली बसला. ओंजळीत तोंड झाकून, पट्टीची पर्वा न करता, हमसून हमसून रडू लागला. बाकावरचे इतर पेशंट वळून पाहू लागले. सानिका त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली. खाकी नसलेला तो शर्ट तिला अजून सवयीचा झाला नव्हता.

जरा वेळानं त्यांनी तोंड वर केलं. "म्हणजे आता सुटलंस," ते म्हणाले.

"तो डोळा मागच्या वर्षीचा आहे, बाबा," सानिका म्हणाली. "यंदाचा अजून पाहायचाय."

आतून नर्सनं त्यांचं नाव पुकारलं. बाबांनी बाहीनं गाल पुसले, लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन उठले, आणि दोघं इंजेक्शनच्या खोलीकडे चालू लागले.